आठ ग्रॅम थोरियम आणि शंभर वर्षं

मंडळी, ते फॉरवर्ड पुन्हा आलंय.

तेच हो! चकचकीत, अर्धी गाडी अर्धं विमान वाटावं असा एक फोटो, आणि खाली मजकूर. आठ ग्रॅम थोरियम टाका आणि गाडी शंभर वर्षं चालवा, पेट्रोल पंपावर पुन्हा जायला नको. थोरियम तर आपल्याकडे समुद्रकिनाऱ्यावर पडलंय. पण तेलवाले आणि परदेशी कंपन्या हे तंत्रज्ञान बाहेर येऊ देत नाहीत, तेव्हा प्रत्येक भारतीयापर्यंत हे पोचवा, वगैरे. पूर्वी हे ईमेलमधून यायचं, आता व्हॉट्सॅपवर येतं. या खेपेला आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी टाकलं आणि त्याखाली बारा अंगठे आणि तीन तिरंगे पडले. ग्रुपवर वाद नको म्हणून तिथे गप्प बसलो आणि इथे लिहितोय. मामा हा ब्लॉग वाचतात हे मला माहीत आहे. मामा, रागावू नका, पण पूर्ण वाचा.

आधी या फोटोची कुळकथा. ती गाडी म्हणजे २००९ सालचं 'कॅडिलॅक वर्ल्ड थोरियम फ्युएल' नावाचं संकल्पचित्र. एका डिझायनरची कल्पना. तिच्यात चालणारं इंजिन कधीच नव्हतं. पुढे २०११ च्या सुमारास 'लेझर पॉवर सिस्टिम्स' नावाच्या एका अमेरिकन कंपनीने जाहीर केलं की आम्ही लेझरने थोरियम तापवून वाफ करू, त्यावर टर्बाइन फिरवू आणि गाडी चालवू. एका ग्रॅमची ऊर्जा म्हणजे २८,००० लिटर पेट्रोल, आठ ग्रॅममध्ये गाडीचं शतक! दोन्ही गोष्टी कोणीतरी एकत्र चिकटवल्या आणि फॉरवर्ड तयार झालं. त्याला आता दीड दशक होत आलं. गाडी काही आली नाही.

"अहो पण आली नाही कारण दाबून टाकली ना!" असं मामा म्हणणार. म्हणून दाबादाबीचा विचार बाजूला ठेवू आणि नुसता हिशोब करू. हिशोब कोणाला दाबता येत नाही. आकडे ढोबळ आहेत, पण उत्तर बदलावं इतके ढोबळ नाहीत.

एक ग्रॅम थोरियममधला प्रत्येक अणू, अगदी एकूणएक, फुटला असं समजा. प्रत्यक्षात असं होत नाही, पण फॉरवर्डला जास्तीत जास्त सवलत देऊ. त्यातून सुमारे २२,८०० युनिट उष्णता मिळेल. (युनिट म्हणजे आपल्या विजेच्या बिलातलं, किलोवॉट-तास.) एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण साडेनऊ युनिट उष्णता मिळते. म्हणजे एक ग्रॅम बरोबर सुमारे २,४०० लिटर पेट्रोल. २८,००० नव्हे! निसर्गाने एका ग्रॅममध्ये जितकं भरून ठेवलंय त्याच्या जवळजवळ बारापट काढायचा दावा आहे हा. गाईच्या सडातून कासंडीभर दूध येईल, पण अख्ख्या गाईच्या वजनापेक्षा जास्त दूध एका वेळेला निघालं असं कोणी सांगितलं तर आपण विश्वास ठेवू का?

तरी २,४०० लिटर ही काही लहान गोष्ट नाही, हे कबूल करायला हवं. लिटरला १५ किलोमीटर धरले तर आठ ग्रॅममध्ये २ लाख ८८ हजार किलोमीटर होतात. एका गाडीच्या आयुष्याला भरपूर झाले. शंभर वर्षं मात्र तेव्हाच पुरतील जेव्हा गाडी महिन्याला २४० किलोमीटर चालेल, म्हणजे दसऱ्याला हार घालायचा आणि मंडईपर्यंत फिरवून आणायची. असो. या आकड्याची गंमत पुढे आहे, तो लक्षात ठेवा: आठ ग्रॅम, सुमारे तीन लाख किलोमीटर.

आता मुख्य प्रश्न. ही ऊर्जा बाहेर काढायची कशी?

थोरियम तापवून निघत नाही. याचा पुरावा आपल्यापैकी चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलाय. लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेऊन चालायचे त्या गॅसबत्त्या आठवतात? पेट्रोमॅक्स? तिच्यात जे पांढरं जाळीदार 'मेंटल' असायचं ते थोरियम ऑक्साइडचं असायचं. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, १९५५ पासून थोरियम नायट्रेट तयार होत होतं ते मुख्यतः या मेंटलसाठीच. वरात निघाल्यापासून मंडपात पोचेपर्यंत ते थोरियम पांढरंशुभ्र तापलेलं असायचं. तापवल्याने थोरियममधून ऊर्जा निघत असती तर बत्तीवाल्याला रॉकेल भरावं लागलं नसतं, पंपही मारावा लागला नसता. उलट दर तासाला बत्ती खाली उतरवून तो पंप मारत बसायचा हे आपण पाहिलंय. लेझरने तापवा, स्टोव्हने तापवा, नाहीतर होळीत टाका. अणूच्या गाभ्याला बाहेरच्या उष्णतेचं सोयरसुतक नसतं. आठ ग्रॅम थोरियममधून आपोआप निघणारी उष्णता एका वॉटच्या दशलक्षाव्या भागाहूनही कमी असते. त्याचं अर्धायुष्यच जवळजवळ १,४०० कोटी वर्षं आहे. त्याला काही घाई नाही.

दुसरी गोष्ट, थोरियम स्वतः अणुभट्टीचं जळण नाहीच. त्याने आधी एक न्यूट्रॉन गिळायचा, मग त्याचं प्रोटॅक्टिनियम व्हायचं, त्याचं काही आठवड्यांत युरेनियम-२३३ व्हायचं, आणि मग ते फुटतं. तो पहिला न्यूट्रॉन द्यायला आधीपासून चालू असलेली अणुभट्टी लागते. थोरियम म्हणजे ओलं लाकूड. पेटत्या चुलीशेजारी ठेवलं तर वाळतं आणि मग जळतं, पण काडी ओढून पेटत नाही. म्हणूनच होमी भाभांनी आपल्या अणुकार्यक्रमाचे तीन टप्पे आखले आणि थोरियम तिसऱ्यात ठेवलं. आपल्या किनाऱ्यांवरच्या वाळूत एक कोटी टनाहून जास्त मोनाझाइट आहे हे खरं, आणि त्यात थोरियम आहे हेही खरं. तिसऱ्या टप्प्यापर्यंत आपण अजून पोचलेलो नाही, हेही तितकंच खरं आहे. कोणी दाबून ठेवलंय म्हणून नाही, काम अवघड आहे म्हणून.

बरं, थेट तयार युरेनियम-२३३ घेऊ. आठ ग्रॅम पुरेल का? नाही. शेगडीतला एकच निखारा चिमट्याने काढून बाजूला ठेवला तर तो विझतो, ढीग असेल तर धगधगत राहतो. इथेही तसंच. छोट्या तुकड्यातून न्यूट्रॉन बाहेर निसटतात आणि साखळी तुटते. किमान किती लागतं? यासाठी अमेरिकेत जायची गरज नाही. तमिळनाडूत कल्पाक्कमला 'कामिनी' नावाची छोटीशी अणुभट्टी आहे. 'कल्पाक्कम मिनी' म्हणून कामिनी! १९९६ साली ती सुरू झाली. युरेनियम-२३३ वर, म्हणजे थोरियमपासून केलेल्या जळणावर चालणारी ती जगातली एकमेव अणुभट्टी म्हणून ओळखली जाते. आपल्या लोकांनी केलेली, आपल्या थोरियमच्या वाटेवरची. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे, पण हिचं फॉरवर्ड मला आजवर एकदाही आलेलं नाही.

तर या कामिनीत सुमारे ६०० ग्रॅम जळण आहे, आठ ग्रॅमच्या पंचाहत्तरपट. तेही न्यूट्रॉन परत आत ढकलायला बेरिलियम ऑक्साइडचं वेष्टण आणि सभोवती पाण्याची टाकी आहे म्हणून इतक्या थोडक्यात भागतं. आणि तिची ताकद? ३० किलोवॉट उष्णता. त्यातली पाव चाकापर्यंत पोचली असं धरलं तर साडेसात किलोवॉट, म्हणजे एका साध्या मोटरसायकलीचं इंजिन. ती बसलीये काँक्रीटच्या भिंतींआड, जमिनीत पक्की, आणि ती करते न्यूट्रॉनने यंत्रभागांचे फोटो काढायचं काम. तिला चाकं लावायचा विचार तिथल्या कोणाच्या मनात आला नसेल. का, ते आता बघू.

अणुमोटारीचं स्वप्न फॉरवर्डच्या कितीतरी आधीचं आहे. १९५८ साली फोर्ड कंपनीने 'न्यूक्लिऑन' नावाच्या गाडीचं मॉडेल दाखवलं. मागे डिकीच्या जागी अणुभट्टी, तिच्यावर वाफ, वाफेवर टर्बाइन. एकदा जळण भरलं की ५,००० मैल, म्हणजे ८,००० किलोमीटर. मग पंपावर जाऊन अख्खी कोठीच बदलून घ्यायची. (फोर्डवाल्यांनी स्वतः ८,००० किलोमीटर म्हटलं होतं बरं का, शंभर वर्षं नाही.) हे मॉडेल खऱ्या गाडीच्या तीन-अष्टमांश आकाराचं होतं आणि त्यात अणुभट्टी नव्हती. पुढेमागे अणुभट्ट्या लहान होतील आणि किरणं अडवणारी हलकी आवरणं सापडतील, अशी त्यामागची आशा होती. मॉडेल आज मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. कोणी दडवलेलं नाही.

आवरण हाच सगळ्याचा गाभा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

आपली गाडी फार जोरदार नको. अणुभट्टी १०० किलोवॉट उष्णता देणारी, त्यातून चाकावर २५ किलोवॉट, म्हणजे जुन्या मारुती ८०० पेक्षाही थोडी कमीच. एवढी भट्टी उघडी चालू असेल तर दोन मीटरवर बसलेल्या माणसाला मिनिटाच्या आत प्राणघातक मात्रा मिळेल. ती मात्रा घरात बसल्यासारखी निरुपद्रवी करायची तर किरणं साधारण शंभर कोटी पटींनी कमी करावी लागतात. शिसं हे करतं, पण निम्म्यानिम्म्याने: दर १.२ सेंटिमीटर जाडीला गॅमा किरणं साधारण अर्धी होतात. शंभर कोटी पट म्हणजे असे तीस थर, म्हणजे ३६ सेंटिमीटर शिसं. अणुभट्टी कलिंगडापेक्षा जरा मोठी, अर्धा मीटर व्यासाची धरली तर तिच्याभोवती या जाडीच्या गोळ्याचं वजन दहा टन होतं. डझनभर लहान गाड्यांचं वजन! न्यूट्रॉन अडवायला पाणी किंवा प्लॅस्टिकचे थर लागतात ते वेगळेच. आता ही दहा टनी गाडी २५ किलोवॉटवर चढ चढणार नाही. मग मोठी भट्टी, मग आणखी आवरण, मग आणखी मोठी भट्टी...

इथे हमखास येणारा युक्तिवाद असा: "कॉम्प्युटरसुद्धा आधी खोलीएवढा होता. आता खिशात आला. तसंच होईल!" आमच्या ग्रुपवर हेच दोघांनी लिहिलं. ऐकायला बरं वाटतं, पण तुलना चुकीची आहे. कॉम्प्युटर लहान झाला कारण एक बेरीज करायला निसर्गाला खोलीभर यंत्र लागत नव्हतंच, आपल्याला लहान करता येत नव्हतं. शिशाचे १.२ सेंटिमीटर ही आपली अडचण नाही, तो शिशाचा गुण आहे. २०५० सालीही तो तेवढाच राहील. शिशाऐवजी टंगस्टन घेतलं तर जाडी कमी होते, वजनात फारसा फरक पडत नाही. शिवाय भट्टी हजारपट छोटी केली तरी आवरणातले फक्त दहाच थर वाचतात, कारण दहा वेळा दुप्पट केलं की हजार होतात. म्हणजे भट्टी लहान करून आवरण त्या प्रमाणात लहान होत नाही. अणुशक्ती मोठ्या गोष्टींना परवडते आणि छोट्यांना परवडत नाही, याचं कारण एवढंच आहे.

पाणबुडीत चालते ना मग? चालते. १९५५ मध्ये अमेरिकेची 'नॉटिलस' अणुशक्तीवर समुद्रात निघाली, २०१६ मध्ये आपली 'अरिहंत' नौदलात दाखल झाली. पण ही हजारो टनांची धुडं आहेत. त्यांना काहीशे टनांचं आवरण जड नाही आणि थंड करायला अख्खा समुद्र आहे. साधी मालवाहतूक म्हणाल तर तिथेही जमलं नाही. अमेरिकेचं 'सवाना' हे अणुशक्तीवरचं व्यापारी जहाज दहाएक वर्षांत बंद करावं लागलं, कारण ते परवडेना. आज व्यापारी कामात ते टिकलंय ते मुख्यतः रशियाच्या बर्फफोड्या जहाजांवर.

विमानाचा प्रयत्नही झालाय, आणि कंजूषपणे नाही. अमेरिकेने १९५५ ते १९५७ मध्ये 'एनबी-३६एच' या प्रचंड बॉम्बर विमानात एक मेगावॉटची अणुभट्टी ठेवून ४७ उड्डाणं केली. भट्टीने विमान ओढलं नाही, ती नुसती सोबत होती, आवरणाची परीक्षा म्हणून. वैमानिकांच्या कोठीलाच शिसं आणि रबर मिळून अकरा टन लागले. १९६१ साली केनेडींनी तो सगळा कार्यक्रम बंद केला, तोवर सुमारे १०० कोटी डॉलर खर्च झाले होते. शीतयुद्ध ऐन भरात, पैसा पाण्यासारखा, जगातले उत्तम डोक्याचे लोक कामाला, आणि तरी जमलं नाही. तेलवाल्यांनी अमेरिकन हवाई दलालाही दाबलं असेल, असं म्हणायचं का आता?

खरी अणुशक्तीवरची गाडी बघायचीच असेल तर ती आहे. मंगळावर! 'क्युरिऑसिटी' २०१२ पासून तिथे फिरतेय, तिची बहीण 'पर्सिव्हिअरन्स' २०२१ पासून. क्युरिऑसिटीचं वजन सुमारे ९०० किलो, लहान मोटारीएवढं. तिच्यात साखळी प्रक्रिया नाही. ४.८ किलो प्लुटोनियम ऑक्साइड आपोआप गरम राहतं आणि त्या उबेवर वीज तयार होते. किती? सुरुवातीला सुमारे ११० वॉट. आपला छताचा पंखा ७५ वॉटचा असतो, म्हणजे दीड पंखा. या दीड पंख्यावर गाडी सपाट जमिनीवर सेकंदाला चार सेंटिमीटर जाते, तासाला जवळजवळ १४० मीटर. स्वारगेटहून निघालात तर शनिवारवाड्याला पोचायला दिवस लागेल. (पुण्याची वाहतूक बघता फार फरक नाही, असं म्हणणारे भेटतील :) ) मंगळावर पंप नाही, ऊन धुळीने झाकतं, आणि शेजारी कोणी राहत नाही, म्हणून तिथे तो सौदा बरोबर आहे.

शेजारी राहतात, हाच तर आपला पुढचा मुद्दा.

२०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यात १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी आकडा आहे. यातल्या प्रत्येक अपघातात एक अणुभट्टी होती असं समजा. ट्रकखाली घुसलेली, घाटातून खाली गेलेली, पुरात वाहून गेलेली. पुन्हा अणुभट्टी किल्ली फिरवून 'बंद' होत नाही. साखळी थांबते, पण फुटलेल्या अणूंचे तुकडे किरणं आणि उष्णता देतच राहतात. फुकुशिमात ११ मार्च २०११ ला भूकंपाबरोबर अणुभट्ट्या बंद पडल्या होत्या. नंतर त्या वितळल्या त्या याच उरलेल्या उष्णतेने. गाडीतली उष्णता त्यामानाने किरकोळ असेल, किरणं नाहीत. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायचं म्हटलं तर उघडायचं कसं?

आणि एक दिवस गाडी भंगारात जाते. हा भाग कोणीच बोलत नाही, मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत काय झालं ते आठवा. तिथल्या एका विद्यापीठातलं वापरात नसलेलं किरणोत्सारी उपकरण लिलावात भंगार म्हणून गेलं. भंगारवाल्यांनी ते फोडलं. आत कोबाल्ट-६० होतं. एक कामगार दगावला, बाकीचे कितीतरी भाजले, आजारी पडले. मायापुरी हा जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा देशातला एक मोठा बाजार आहे हे मुद्दाम सांगतो. आपल्याकडचं कुर्ला समजा. त्याआधी १९८७ साली ब्राझीलच्या गोयानियात एका ओस पडलेल्या दवाखान्यातून असंच उपकरण भंगारात गेलं. आतली निळी चमकणारी पूड लोकांनी घरी नेली, मुलांनी अंगाला लावली. चार जण गेले, लाखाहून जास्त लोकांना तपासावं लागलं. तिथे होतं सीझियम-१३७. आपल्या स्वप्नातल्या गाडीने आठ ग्रॅम जळण जाळून संपवलं की तिच्यात उरणाऱ्या राखेतही सीझियम-१३७ असणार. माझ्या हिशोबाने अशा पन्नास-साठ गाड्या भंगारात आल्या की एक गोयानिया भरतं. कुर्ल्याला पन्नास गाड्या यायला किती दिवस लागतात?

म्हणून मला हे फॉरवर्ड निरुपद्रवी गंमत वाटत नाही. त्याने दोन नुकसानं होतात.

पहिलं म्हणजे आपण खऱ्या प्रश्नाकडे बघणं सोडतो. अणुभट्टी कुठेतरी उभी राहते आणि तिथे कोणीतरी राहत असतं. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. जैतापूरच्या आंदोलनात एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे इथे गोळीबार होऊन एकाचा जीव गेला. तुम्ही अणुऊर्जेच्या बाजूचे असा की विरोधी, या लोकांना काय द्यायचं, त्यांचं ऐकायचं की नाही, राखेचं काय करायचं, हे प्रश्न टाळता येत नाहीत. थोरियमच्या गाडीच्या गोष्टीत मात्र हे काहीच नाही. ना गाव, ना राख, ना बिल, ना सरकार. खिशात आठ ग्रॅम आणि निघालो. फुकटची ऊर्जा आणि वर दुसऱ्या कोणावर तरी खापर, असं दुहेरी सुख आहे ते. १९९६ साली तमिळनाडूत पाल्यापासून पेट्रोल करतो म्हणणारा माणूस निघाला होता, तेव्हाही देश असाच हुरळला होता. आणि जे लोक कल्पाक्कमला आणि तुर्भ्याला आयुष्यभर खपून थोरियमवर खरं काम करतात, ते या गोष्टीत एकतर मूर्ख ठरतात नाहीतर विकले गेलेले. हे मला फार लागतं.

दुसरं नुकसान आणखी जवळचं आहे. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला आकडा काढा: आठ ग्रॅम, तीन लाख किलोमीटर. आता हिशोब उलटा करू. तारापूरला एक ग्रॅम युरेनियम फुटतं. (ते एक ग्रॅम फुटायला आपल्या जड पाण्याच्या भट्टीत साधारण १४० ग्रॅम नैसर्गिक युरेनियम घालावं लागतं, तेही सांगून ठेवतो.) उष्णता २२,८०० युनिट. त्यातली तीस टक्के वीज होते. तारांमध्ये आणि चार्जिंगमध्ये वीस टक्के गळते असं धरलं तरी बॅटरीत साडेपाच हजार युनिट पोचतात. लहान इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला सात किलोमीटर जाते. म्हणजे एका ग्रॅमला ३८,००० किलोमीटर आणि आठ ग्रॅमला तीन लाख!

म्हणजे मामा, तुमची गाडी आलेली आहे. भट्टी डिकीत नाही, तारापूरला आहे, जाड काँक्रीटच्या आत, तिच्यावर चोवीस तास डोळा ठेवणारी माणसं आहेत, आणि गाडीपर्यंत येते ती फक्त वीज. देशाच्या विजेतला अणुऊर्जेचा वाटा तीनेक टक्के आहे, म्हणजे रस्त्यावरची इलेक्ट्रिक गाडी आजही दर शंभरातले तीन किलोमीटर अणूवर चालते. ते तीन वाढवायचे की सूर्य-वाऱ्याचे वाढवायचे, यावर जरूर भांडू. ते भांडण खरं असेल.

पण होतं काय? सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट बसवायचा विषय निघतो. "बॅटरी पेटली तर?", "वायरिंगचा खर्च कोण देणार?", "बघू पुढच्या वर्षी", आणि विषय तहकूब. आमच्याकडे दोनदा झालाय. आणि त्याच संध्याकाळी, त्याच मंडळींपैकी कोणीतरी, पार्किंगमध्ये अणुभट्टी उभी करायला निघालेल्या गाडीचा फोटो पाठवतं! बॅटरीची भीती वाटते आणि सीझियमची वाटत नाही. मला याचं हसूही येतं आणि खरं सांगू का, चीडही येते.

तेव्हा मामा, एक विनंती. तुमच्या सोसायटीची सभा पुढच्या महिन्यात आहे असं मामी म्हणाल्या. विषयपत्रिकेवर चार्जिंग पॉइंट आहे. हात वर करा. वायरिंगचा खर्च किती येतो, मीटर कसं वेगळं घेता येतं, याची माहिती मी गोळा करून देतो. आणि ग्रुपवर काही टाकायचंच असेल तर कामिनीबद्दल टाका. बारा अंगठ्यांतला एक माझा नक्की.